केंटकीत जाऊन बर्बन प्यायला शिकले

माझा मावसभाऊ लुईव्हिलला असतो, केंटकीमध्ये. गेल्या ऑक्टोबरमध्ये दहा दिवस त्याच्याकडे होते तर पहिल्याच शनिवारी दादा म्हणाला, चल, तुला बर्बन दाखवतो. मी म्हटलं, म्हणजे व्हिस्कीच ना? तर म्हणे व्हिस्कीच, पण अमेरिकेतली, मक्याची, आधी बघ आणि मग बोल. वहिनी घेत नाही त्यामुळे गाडी तिच्याकडे, आम्ही दोघं निवांत.

लोरेटो नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे मेकर्स मार्क नावाच्या बर्बनची डिस्टिलरी. शेवटचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे कुरणं, आणि जवळ पोचलो तसं मला झाडांची खोडं काळी दिसायला लागली, चुलीमागच्या भिंतीला काजळी धरते ना, तशी. वाटलं आग लागून गेली की काय इथे. दादा म्हणाला, ती बुरशी आहे, गोदामातल्या पिंपांमधून जी दारू हवेत उडते तिच्या वाफेवर जगते. वर्षानुवर्षं थोडी थोडी अशी उडतच असते आणि तिला तिथे एंजल्स शेअर म्हणतात, देवदूतांचा वाटा. मला एकदम आजोबांची जेवणाआधीची चित्राहुती आठवली.

आत सायप्रसच्या लाकडाच्या भल्यामोठ्या टाक्या, त्यात पिवळट घट्टसर काहीतरी रटरटतंय आणि खाली जाळ नाहीच, आंबूनच बुडबुडे येतात. गाइड म्हणाली बोट बुडवून चाखा. चाखलं तर थेट मक्याची आंबील! कोमट, आंबट, मागून जराशी गोड. बर्बनमध्ये मका निदान 51 टक्के हवा असा कायदाच आहे, बाकी मोड आणलेली बार्ली आणि बहुतेक ठिकाणी राय (गव्हासारखं एक धान्य, आपली मोहरी नव्हे), पण इथे रायऐवजी गहू घालतात म्हणून चव मवाळ. आधीच्या खेपेत दारू काढून उरलेलं आंबट पाणी नव्या खेपेत घालतात, त्याला सावर मॅश म्हणतात. मी म्हटलं विरजणच हे, पण तसं नाही, त्यातलं यीस्ट उकळून मेलेलं असतं, ते नवीनच घालावं लागतं, हे पाणी फक्त आंबटपणासाठी, म्हणजे नको ते जंतू वाढत नाहीत.

पण खरी गंमत पिंपात आहे, आणि हे मला तिथे जाईपर्यंत कळलंच नव्हतं. भट्टीतून उतरते ती दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. मग नवंकोरं ओकचं पिंप घ्यायचं, आतून आग लावून कोळसा होईपर्यंत जाळायचं आणि त्यात भरून ठेवायचं. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते, अशी वर्षानुवर्षं आतबाहेर करत ती लाकडातली जळकी साखर आणि व्हॅनिला घेऊन येते. रंग सगळा लाकडाचा, वरून रंग किंवा फ्लेवर घालायची परवानगीच नाही. बर्बनला एक पिंप एकदाच, मग ती रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात, आणि आपल्या गोव्यात पॉल जॉनवाले त्यांची सिंगल माल्ट व्हिस्की अशाच पिंपात मुरवतात. हे ऐकून मला फार भारी वाटलं.

प्यायचं कसं तेही तिथेच शिकले. ग्लास नाकाला एकदम भिडवायचा नाही, जरा लांब धरायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, तोंड मिटलं की नुसतं अल्कोहोल नाकात झोंबतं. पहिला घोट अगदी छोटा, तो फक्त जिभेला सवय व्हायला, त्यावरून मत बनवायचं नाही. दुसरा घोट तोंडात घोळवायचा, जवळजवळ चावायचा, याला केंटकी च्यू म्हणतात. गिळल्यावर छातीत जी ऊब पसरते ती केंटकी हग. मग दोन थेंब पाणी घालून परत वास घेतला तर वेगळीच, करपू घातलेल्या पाकाची गोडी वर आली. मी डोळे मिटून बसले होते, वहिनी म्हणाली, अगं, झोपलीस की काय!

बाबांसाठी मेकर्स मार्कची, तोंडाला लाल मेण लावलेली बाटली आणली. ते आयुष्यभर सोडा आणि बर्फ घालूनच पिणारे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्क्यांत मळीचं स्पिरिट असतं त्यामुळे सोडा लागतोच. मी म्हटलं बाबा, आज फक्त दोन थेंब पाणी. त्यांनी एक पेग जवळजवळ तासभर पुरवला, काही बोलले नाहीत. सकाळी मी भांडी घासायला घेतली तर म्हणाले, तो ग्लास राहू दे जरा. रिकामा ग्लास हातात घेऊन वास घेत होते. मग माझ्यापुढे धरला, आत रात्रीची दारू सुकून गेलेली आणि नुसता लाकडाचा न् व्हॅनिलाचा वास.