ऊस तुटून गेल्यावरचा आठवडा

पर्यावरणाला जपून कसे जगावे, याविषयी जे लिहिले जाते त्यात कापडी पिशवी, बांबूचा ब्रश असे शहरातल्या घराला सोयीचे उपाय पुष्कळ असतात. ते मला मान्य आहेत. परंतु वाळवा तालुक्यातल्या आमच्यासारख्या ऊसपट्ट्यातील गावात सर्वांत मोठा निर्णय तोडणीची टोळी रान मोकळे करून गेल्यावरच्या आठवड्यात घ्यावा लागतो. पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला उसाचा वाळलेला पाला, पेटवायचे की ठेवायचे, हा तो निर्णय.

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे काडी ओढली की ४० ते ५० किलो नत्र आणि त्याच्या कितीतरी पट सेंद्रिय कर्ब धुरावाटे निघून जातो. नंतर तेच नत्र आपण युरियाच्या पोत्यांतून विकत आणतो. सरीत ठेवलेल्या पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत, ही कृषी विद्यापीठाची शिफारस आता गावोगाव माहीत आहे. उसाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले पाडेगावचे केंद्र तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. तरीही जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी शिवारावर धूर दिसतोच, आणि त्यामागची कारणे ऐकून घेतल्याशिवाय तो थांबणार नाही, असे मला वाटते.

आमचे थोरले चुलते आबा म्हणतात, “पाचट ठेवलं की पाणी पुढं सरकत नाही, आन् उंदरं वाढत्यात.” दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पहिले पाणी देताना पाचट तरंगते, सरीच्या तोंडाशी गोळा होते आणि दारे धरणाऱ्या माणसाला सरीतून चालत ते पायाने दाबावे लागते. एकदा ओले होऊन बसले की मात्र पुढच्या पाण्याला हा त्रास राहत नाही. बुडख्यांवरचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या उरलेल्या खुंटांवरचे, पाचट बाजूला सारून बुडखे जमिनीलगत छाटले, म्हणजे फुटवे जमिनीखालून जोमदार येतात. खत पसरून न टाकता पहारीने बुडख्याच्या बाजूला खड्डा घेऊन द्यायचे, म्हणजे ते पाचटावर वाया जात नाही. यात कष्ट आहेत आणि पहारीचे काम बहुधा बायकांच्या वाट्याला येते, म्हणून त्याची मजुरी हिशेबात धरूनच पाचट परवडते का, हे ठरवले पाहिजे.

एप्रिलच्या उन्हात आमच्या खोडव्यातील, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसातील, पाचटाचा थर हाताने उचलला की खाली माती ओलसर, भुसभुशीत लागते आणि गांडुळांची बारीक विष्ठा दिसते. बांधापलीकडच्या जाळलेल्या रानात त्याच दिवशी काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा असतात. ओल टिकते म्हणून पाण्याची पाळी लांबवता येते, आणि कृष्णाकाठी याचे मोल वेगळे आहे. वाळवा, मिरज, पलूस या भागांत भारी जमिनींना वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिल्यामुळे आणि निचरा नसल्यामुळे क्षार वर येऊन कितीतरी रान नापीक झाले आहे. आमच्याकडे पाणी कमी देणे म्हणजे जमीन राखणे होय.

घरचे रोजचे निर्णय याला जोडूनच येतात. उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, जनावरांना जाते, शेण गोबर गॅसला जाते आणि संयंत्रातून बाहेर पडणारी मळी पाचटावर ओतली की ते लवकर कुजते. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. ज्यांच्या दारात एकच म्हैस आहे, त्यांना हा उपाय सांगण्यात अर्थ नाही.

पाचट ठेवणे एकट्याने जमत नाही, कारण शेजारच्या रानातली आग बांध ओलांडून येते आणि वाळलेले पाचट क्षणात पेट घेते. त्यामुळे यंदा आमच्या पाइपलाइनवरच्या शेतकऱ्यांनी तोडणीआधीच एकत्र बसून दोन गोष्टी ठरवल्या आहेत: ऊस जमिनीलगत तोडण्याविषयी टोळीच्या मुकादमाशी सुरुवातीलाच बोलायचे आणि पाचट कुट्टी करणारे ट्रॅक्टरचे यंत्र सर्वांनी मिळून भाड्याने आणायचे. खोडवा न ठेवता लगेच दुसरे पीक घेणाऱ्यांची अडचण अजून सुटलेली नाही; नांगरटीआधी त्यांच्या रानातही कुट्टी फिरवता येईल का, याची बोलणी चालू आहेत.