शेपटी तोडून पळणारा विंचू
विंचवाची शेपटी म्हणजे खरे तर त्याच्या पोटाचाच निमुळता भाग असून, आतडे तिच्यातून शेवटपर्यंत जाते आणि नांगीच्या जरा अलीकडे गुदद्वार असते. ही रचना ध्यानात घेतली, तर 2015 साली प्रसिद्ध झालेला दक्षिण अमेरिकेतील अनँटेरिस विंचवांचा अभ्यास किती विलक्षण आहे, हे कळते. शत्रूने शेपटी पकडली की हे विंचू ती तोडून निसटतात. तुटलेला तुकडा वळवळत राहतो आणि डंखही मारू पाहतो. पालीप्रमाणे ही शेपटी पुन्हा उगवत नाही. जखम भरते, पण गुदद्वारच गेल्यामुळे विष्ठा साचून पोट फुगत जाते, आणि विषाची नांगी नसल्याने मोठे भक्ष्य मारणेही अवघड होते. तरीही असे नर काही महिने जगतात व या अवधीत मीलनही करू शकतात. निसर्गाचा हा व्यवहार मला क्रूर वाटतो, पण तोट्याचा नव्हे. बद्धकोष्ठतेचा या विंचवांच्या मीलनावर काय परिणाम होतो, हे तपासणाऱ्या सोलिमारी गार्सिया-हेर्नांदेझ आणि ग्लाउको माशादो यांना 2022 चे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक विनोदी असले, तरी प्रश्न अगदी गंभीर होता.