तीन यार्ड म्हणजे नऊ फूट

शनिवारी आमची शाळा सकाळची. साडेसातला प्रार्थना आणि लगेच कवायत, त्यामुळे १६ डिसेंबर २०२३ ला मी पाचलाच उठली होती. बाहेर नागपूरची कडक थंडी, अधिवेशन सुरू म्हणून शहरात जागोजागी बॅरिकेड, आणि मी पोळ्या लाटता लाटता डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजची फुटबॉल फायनल पाहून राहिली होती. तिकडे अजून १५ तारखेची संध्याकाळच होती.

फुटबॉल म्हणजे तो अंडाकृती बॉलचा, हेल्मेट घालून खेळतात तो. भाचा सिरॅक्यूजला एमएस करतो, त्याने आठवडाभर आधीच मेसेज टाकला होता, "मावशी, कोर्टलँडवाले फायनलला पोचले, तू पाहाच." कोर्टलँड त्याच्यापासून गाडीने तासाभराच्या आत, न्यूयॉर्क राज्यातच, पण ते गगनचुंबी न्यूयॉर्क नाही, छोटंसं गाव आहे.

मी का पाहिली ते सांगते. हे कॉलेज १८६८ साली शिक्षक तयार करायला सुरू झालं आणि आजही त्याचं नाव निघतं ते फिजिकल एज्युकेशनसाठी. म्हणजे पीटीचे सर-मॅडम घडवणारं कॉलेज! मी स्वतः बीपीएड, कॉलेजात असताना कबड्डी खेळलेली, आणि इतकी वर्षं पाहून राहिली की कोणाचा पोर्शन मागे पडला की पहिला हात पीटीच्या तासावर पडतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, दर वेळी वाटतं. त्यामुळे पीटीच्या मास्तरांचं कॉलेज देशाच्या फायनलला गेलं म्हटल्यावर माझा जीव त्यांच्यातच अडकला.

हे डिव्हिजन थ्रीमधलं, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातलं कॉलेज आहे. तिथे खेळाडूला खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप मिळतच नाही, एक डॉलरसुद्धा नाही. टीव्हीवर दिसतात ती मोठी विद्यापीठं, लाख लाख लोकांची स्टेडियमं, ते जग वेगळं. इथली पोरं लेक्चर करतात, परीक्षा देतात, फी भरतात आणि वर हे हाडं मोडणारं खेळतात. असे दोनशेच्या वर संघ, त्यातले ३२ बाद फेरीत आले आणि तिथून पाच मॅच लागोपाठ जिंकायच्या, एक हरली की घरी.

शेजारच्या इथाकाशी यांचं जुनं वैर. १९५९ पासून दोघांच्या मॅचमध्ये जो जिंकेल तो एक जग, म्हणजे साधा पाणी ठेवायचा असतो तसला, घरी घेऊन जातो. २०१९ ला ही मॅच न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये ठेवली तर ४५,१६१ लोक आले, या डिव्हिजनमध्ये तो रेकॉर्ड आहे. पण इथाकाकडे १९७९, १९८८ आणि १९९१ अशी तीन विजेतेपदं आणि कोर्टलँडकडे तोवर एकही नाही. शेजाऱ्याच्या अंगणात तीन आणि आपलं अंगण रिकामं, हे किती लागत असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि फायनलला समोर कोण, तर इलिनॉयचं नॉर्थ सेंट्रल. गतविजेते, सलग चौथी फायनल खेळत होते. मॅच व्हर्जिनियातल्या सेलममध्ये.

पहिला अर्धा भाग घरी पाहिला, मग निघावंच लागलं. शाळेत गेल्यावर प्रार्थना, कवायत, लेझीम, फोन पर्समध्ये. पोट्ट्यांना पाणी प्यायला सोडलं आणि मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली उभी राहून उघडला तर शेवटची मिनिटं चालू, आणि कोर्टलँड सात पॉइंटने पुढे. तेवढ्यात नॉर्थ सेंट्रलने टचडाउन केला, म्हणजे बॉल शेवटच्या रेघेपलीकडे नेला, सहा पॉइंट, ३८-३७. आता किक मारून एक पॉइंट घेतला की बरोबरी, किंवा तीन यार्डावरून एकदाच बॉल आत नेला की दोन पॉइंट आणि मॅच जवळपास खिशात. त्यांनी दोनचा डाव घेतला. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही, हिंमतवाल्या टीमनेच घ्यावा असा होता.

कोर्टलँडने अडवलं! मी तिथेच ओरडली. मग घड्याळ संपलं, ३८-३७, कोच कर्ट फिट्झपॅट्रिक यांच्या पोरांनी कॉलेजला फुटबॉलचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, आख्ख्या सीझनमध्ये १४ जिंकल्या आणि एकच हरले.

आठवीतल्या दोघी धावत आल्या, मॅडम काय झालं, मॅडम काऊन रडून राहिल्या. मी म्हटलं, थांबा, दाखवते. खोलीतून फक्की आणि टेप आणला, एक रेघ मारली, तिथून तीन यार्ड म्हणजे नऊ फूट मोजून दुसरी. पाच जणी मधे उभ्या केल्या, एकीला म्हटलं पलीकडची रेघ गाठ, एकच चान्स. ती पडली. दुसरी म्हणे मी जाते, ती पण पकडली गेली. मग सगळ्यांची रांग लागली, तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हलेना, आणि त्या दिवशी तरी पुढच्या तासाच्या मॅडम दारात उभ्या राहून नुसतं पाहत राहिल्या.