इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणतं, केव्हा आणि किती

ट्युब्युलर बॅटरी नीट सांभाळली तर पाच-सहा वर्षं आरामात चालते. दोन-तीन वर्षांतच ती बसली, तर बहुतेक वेळा पाण्याकडे झालेलं दुर्लक्ष नडलेलं असतं.

चार्जिंग पूर्ण होत आलं की बॅटरीतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. ॲसिड मात्र आतच राहतं. त्यामुळे भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची, ॲसिडची कधीच नाही. दुकानात दोन्हींचे कॅन सारखेच दिसतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. आरओचं पाणीही चालत नाही. त्यात क्षार कमी असले तरी असतातच, आणि त्यातलं क्लोराईड व लोह प्लेटांना घातक ठरतं. एसीच्या नळीचं पाणी साठवून वापरणारे बरेच आहेत. ते पाणी कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं, त्यामुळे तेही टाळा. बॅटरीच्या किमतीपुढे डिस्टिल्ड वॉटरचा खर्च नगण्य आहे.

पातळी दोन महिन्यांतून एकदा पाहा, उन्हाळ्यात दर महिन्याला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि सहाही तपासायचे असतात. झाकणावरच्या फ्लोटची, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेची, दांडी लाल खुणेकडे गेली असेल तर प्लास्टिकच्या नरसाळ्यातून हिरव्या खुणेपर्यंत पाणी घाला, त्यावर नाही. हे काम बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर करा. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी पातळी वर येते, ॲसिडमिश्रित पाणी बाहेर सांडतं आणि टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची टोकं, खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र थांबू नका. त्या बुडतील इतकंच पाणी घालून चार्ज करा आणि उरलेलं नंतर भरा. एकच कप्पा वारंवार कोरडा पडत असेल तर तो कप्पा खराब होत चालला आहे.

हायड्रोजन पेट घेतो, म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवा. देवघराखालच्या बंद कपाटात तर नकोच, कारण निरांजन आणि उदबत्ती तिथेच पेटते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली की इन्व्हर्टर आणि त्याचा प्लग बंद करा. हातातली अंगठी, बांगडी काढा, पान्याच्या दांडीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. आधी काळी वायर सोडवा, मग लाल; जोडताना उलट. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. हे पाणी झाकणांतून आत जाता कामा नये, कारण सोडा आतलं ॲसिडही मारतो. मग कोरडं पुसून नट घट्ट करा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. नट ढिला राहिला तर तिथेच व्होल्टेज पडतं, वायर तापते आणि चांगली बॅटरी असूनही बॅकअप लवकर संपतो.

बॅकअपचा हिशोब सोपा आहे. बॅटरीवर लिहिलेली क्षमता १५० अँपिअर-अवर असेल तर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-अवर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वजा करून हाती साधारण १४०० येतात. ७५ वॅटचे तीन पंखे, ९ वॅटचे पाच एलईडी दिवे आणि १० वॅटचा राउटर मिळून २८० वॅट होतात, म्हणजे नव्या बॅटरीवर साडेचार-पाच तास. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले तर भार १४५ वॅटवर येतो आणि बॅकअप जवळपास दुप्पट होतो. लोडशेडिंग जास्त असलेल्या गावात दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सुट्टीत गावी जाताना बरेच जण मेन स्विच पाडतात आणि इन्व्हर्टर चालूच ठेवतात. इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, मग तो राउटर, टीव्हीचा स्टँडबाय चालवत बसतो आणि एक-दोन दिवसांत बॅटरी रिकामी होते. तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ते पुन्हा पूर्ण निघत नाही. म्हणून निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टरचं बटण बंद करा आणि काळी वायर काढून ठेवा. मुक्काम महिन्याहून जास्त असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन मधे एकदा चार्ज करून घ्या.