कैदी सुधारला की फॉर्म भरायला शिकला?

तुरुंगातल्या सुधारणा कोर्सचं यश बऱ्याचदा कसं मोजतात माहितीये? कोर्सच्या आधी एक फॉर्म, संपल्यावर तोच फॉर्म परत. 'ज्याचं चोरीला गेलं त्याला विमा मिळतोच की' अशा धाटणीची वाक्यं आणि पुढे 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत चौकटी. आता समोरच्या माणसाची पॅरोलची सुनावणी तोंडावर आलीये, कितीतरी आठवडे त्याने हेच ऐकलंय, मग टिक कुठे मारायची हे त्याला कळणार नाही? शाळेतल्या पोरालाही कळेल! म्हणून मधेच 'मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही' असले प्रश्न पेरतात, त्याला हो म्हणणारा जरा जास्तच साळसूद समजायचा.

पण उलटंही होतं. आधी 'माझ्यामुळे कोणाचं फारसं बिघडलं नाही' म्हणून बिनधास्त टिक मारणारा कोर्समध्ये खरंच विचार करायला लागला तर शेवटी प्रामाणिकपणे स्वतःचेच मार्क घालवून बसतो. आणि जे कोर्स अर्धवट सोडून जातात त्यांचा दुसरा फॉर्म नसतोच, म्हणजे सरासरी आपोआप गोड.

इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी १९९१ पासून एक कोर्स होता. फॉर्मवर बरेच जण सुधारलेले दिसायचे. मग २०१७ मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाचा रिपोर्ट आला, कोर्स केलेले २,५६२ आणि त्यांच्याशी मिळतेजुळते पण कोर्स न केलेले १३,२१९, सरासरी ८.२ वर्षं मागोवा. पुन्हा लैंगिक गुन्हा किती जणांनी केला? कोर्स न केलेल्यांत ८ टक्के आणि कोर्स केलेल्यांत १०! मी तो आकडा दोनदा वाचला, वाटलं रकाने उलटे वाचतोय. कोर्स तर त्यांनी त्याच वर्षी, रिपोर्ट जाहीर व्हायच्या आधीच, बंद केला होता. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते हे खरं, त्यामुळे दोन गटांत काही लपलेला फरक असू शकतो, पण कोर्सचा फायदा झाला असं म्हणायला तरी काहीच हाती लागत नाही.

मला राहून राहून वाटतं, त्या २,५६२ पैकी जे परत आत गेले त्यांचे शेवटचे फॉर्म कोणीतरी कपाटातून काढून बघावेत, टिका कुठे मारल्या होत्या ते.