पोरलॉक ते ब्लू हिल्स: जुन्या मोटारींच्या चढांवरून

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, सॉमरसेट, डेव्हन आणि कॉर्नवॉल या तीन काउंटींमध्ये, काही चढ असे आहेत की जुन्या मोटारींचे शौकीन त्यांची नावं आपण किल्ल्यांची घेतो तशी घेतात. पोरलॉक, बेगर्स रूस्ट, फिंगल, सिम्स, ब्लू हिल्स. मी कित्येक वर्षं या चढांचे कृष्णधवल फोटो बघत आले होते. चिखलात रुतलेली ऑस्टिन सेव्हन, मागच्या सीटवर उभा राहून उसळ्या मारणारा सोबती, बांधावर ओळीने उभे टोपीवाले बघे. ते चढ प्रत्यक्ष बघायचे एवढंच ठरवून ईस्टर उलटल्यावर दादा आणि मी भाड्याची छोटी गाडी घेऊन निघालो. कुणाला याच वाटेने जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी या चढांवर होणाऱ्या ‘ट्रायल’ नावाच्या स्पर्धा म्हणजे काय ते सांगते, कारण रेसशी त्यांचा संबंध नाही. वेगाला इथे फारशी किंमत नसते. एखादा अवघड चढ निवडायचा, खाली एक रेषा, वर एक रेषा. मधल्या टप्प्यात गाडी थांबली की तुम्ही नापास. अशा प्रत्येक टप्प्याला ‘सेक्शन’ म्हणतात. काही चढांवर तर मुद्दाम मध्येच थांबवतात आणि निशाण खाली आलं की मागे न घसरता पुन्हा सुटायला सांगतात. मोटार सायकलिंग क्लब हा 1901 सालचा क्लब अशा ट्रायल भरवतो. त्याची लंडन ते एडिंबरा ही धाव 1904 साली सुरू झाली, लँड्स एंडची 1908 साली आणि एक्सेटरची 1910 साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. नाव क्लबाचं मोटारसायकलचं असलं तरी मोटारी जुन्या काळापासून सोबत आहेत. तिन्ही ट्रायल आजही होतात: एक्सेटर जानेवारीत, लँड्स एंड ईस्टरला, एडिंबरा शरदात. एकाच वर्षात तिन्ही बिनचूक केल्या तर मिळणारा ‘ट्रिपल’ हा मोठा मान समजतात. याशिवाय 1934 साली स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब खास जुन्या गाड्यांसाठी ट्रायल घेतो. 1930 अखेरपर्यंत बनलेली गाडी ती ‘व्हिंटेज’, ही रेघ त्यांचीच.

सार्वजनिक रस्त्यावर वेगाच्या चढशर्यतीही एके काळी होत. मार्च 1925 मध्ये बकिंगहॅमशरमधल्या कॉप हिलवर एका प्रेक्षकाचा पाय मोडला आणि त्या बंद झाल्या. शर्यती शेल्स्ली वॉल्शसारख्या खाजगी जागांवर गेल्या, ट्रायल मात्र गावरस्त्यांवर आणि गाडीवाटांवर टिकल्या. म्हणून तर आज कुणीही नकाशा घेऊन त्यांचा माग काढू शकतो.

आम्ही सुरुवात पोरलॉकपासून केली आणि तुम्हीही तिथूनच करा. हा ए39 हमरस्ता आहे, उत्तम डांबरी, त्यामुळे गाडीने चढता येतो. गावातून बाहेर पडलात की रस्ता एकदम अंगावर येतो. आपल्या घाटात रस्ता डोंगराला वळसे घालत उंची गाठतो. इथे तो दोन मैलांच्या आत 400 मीटर चढतो, काही ठिकाणी चारास एक, म्हणजे 25 टक्के, आणि तेही आकड्यासारख्या वळणात. वळणाच्या आतल्या बाजूला उतार सगळ्यात तीव्र असतो. समोरून कुणी नसेल तर बाहेरच्या बाजूने वळण घ्या आणि पहिला गिअर वळणाच्या आधीच टाका, मध्ये नाही. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, खालच्या गिअरवर उतरा. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी सुटकेची वाट ठेवलेली दिसेल, तिथे फोटोसाठी गाडी लावू नये. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी जंगलातून जाणारा टोलचा रस्ता आहे, चढ अगदी सौम्य. टोल थोडका आहे, सुटी नाणी जवळ असलेली बरी. आम्ही चढलो मुख्य रस्त्याने आणि संध्याकाळी परतलो टोलच्या रस्त्याने. झाडांमधून दिसणारी पोरलॉकची खाडी चुकवू नका.

पुढे काउंटिसबरीहून लिनमथला उतरतानाही चारास एकच उतार आहे. याच वाटेवर जानेवारी 1899 मध्ये ‘लुइझा’ ही जीवरक्षक नौका माणसांनी आणि घोड्यांनी वादळी रात्री 13 मैल ओढत नेली होती, लिनमथहून वर आणि पोरलॉकला खाली. त्या चढावर उभं राहून हे आठवलं की मोटारीचं कौतुक जरा मापात येतं. लिनमथहून वरच्या लिंटन गावाला जायला पाण्याच्या वजनावर चालणारी 1890 सालची कड्यावरची रेल्वे आहे. गाडी खाली लावून तिने वर गेलात तर लिंटनमध्ये पार्किंग शोधायचा ताप वाचतो.

आता खरे चढ. बेगर्स रूस्ट लिंटनजवळ बारब्रुकपाशी आहे. इथे गाडी खालीच ठेवा आणि पायी जा. आमच्या सगळ्या प्रवासातून मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: कच्चे चढ चालतच बघावेत. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या वाटेवर नेण्याची परवानगी बहुधा नसतेच, पण मुख्य कारण ते नाही. काचेतून बघितलं तर ही नुसती एक दगडगोट्यांची चढण दिसते. पायी गेल्यावर बुटाखालून खडी सरकते, पोटऱ्या भरून येतात, आणि मग कळतं की इथे ताकदीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न पकडीचा होता.

साधारण तीनास एक चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर जातं, हे चांगलंच. पण साध्या डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी रचना) दोन्हींपैकी जे चाक हलकं पडेल ते गरगरा फिरायला लागतं आणि दुसरं गप्प बसतं. म्हणून सोबत्याने मागे बसून उसळ्या मारायच्या, म्हणजे घसरणारं चाक क्षणभर दाबलं जाईल. म्हणून टायरमधली हवा कमी करायची. म्हणूनच साखळीवर चालणारी फ्रेझर नॅश इथे भाव खाऊन जाई, कारण तिला डिफरन्शियलच नव्हतं, दोन्ही चाकं एकत्र फिरत. एकाच चढावर 747 सीसीची ऑस्टिन सेव्हन आणि सिडनी अलार्डची 3.6 लिटर फोर्ड व्ही-8 बसवलेली गाडी स्पर्धेला येत आणि कधी कधी छोटीच वर पोहोचे. लोटस गाड्यांचा जनक कॉलिन चॅपमन याने 1948 साली ऑस्टिन सेव्हनवर बांधलेली पहिली लोटससुद्धा याच खेळात उतरली होती.

बेगर्स रूस्टवर ईस्टरच्या ट्रायलचे वळ अजून ताजे होते. चढाच्या मध्यावर, जिथे वाट किंचित डावीकडे झुकते, तिथे हाताच्या वितीएवढे दोन खड्डे शेजारी शेजारी पडलेले. तळाला ओली माती, वरच्या कडेला खडीचा छोटा ढीग. वरचा पुढचा दगड रबराने काळा पडलेला. दादा खाली बसून बघत म्हणाला, “इथेच थांबवलं असणार. बघ, सुटताना चाकं जागच्या जागी फिरलीत.” त्याने बोट फिरवलं तर काळं बोटाला लागलं. उतरताना काठी हवीच, चढण्यापेक्षा उतरणं अवघड आहे.

आतापर्यंतचे चढ ज्या एक्समूरच्या माळरानावर होते ते सोडून आम्ही डार्टमूर या दुसऱ्या माळरानाच्या कडेला आलो. फिंगल ब्रिज हा टीन नदीवरचा ग्रॅनाइटचा अरुंद जुना पूल आहे. पलीकडे चढ जंगलातून एकामागून एक वळणं घेत वर जातो. जागा इतकी सुंदर आहे की चढ न बघता नदीकाठीच बसावंसं वाटतं. इथे मी फार लिहीत नाही, कारण फिंगल हा ट्रायलचा चढ म्हणून तुलनेने समजायला सोपा आहे: लांबलचक, वळणावळणाचा, गती राखली की जमणारा. पुलाकडे येणारा रस्ता मात्र चिंचोळा आहे आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या अडकतात. सकाळी लवकर जा. वेळ असेल तर वरच्या कॅसल ड्रोगो या वाड्यापासून पायवाटेने उतरून या.

सिम्स हिल इल्सिंग्टन गावाजवळ आहे. मला सगळ्यात आवडलेला चढ हाच. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे बांध, वर झाडांचं छप्पर, खाली ओलसर खडक. लांबी विशेष नाही, पण शेवटच्या भागात खडकाच्या पायऱ्या लागतात. एक्सेटर ट्रायल जानेवारीत होऊन गेलेली, त्यामुळे चाकांच्या खुणांवर पुन्हा शेवाळ धरायला लागलं होतं. पायरीचा दगड मधोमध गुळगुळीत झालाय, कडांना खरबरीत आहे. म्हणजे बहुतेक गाड्या एकाच रेषेने येतात आणि त्या रेषेनेच पकड संपवली आहे. ज्याला चढ ‘वाचता’ येतो तो चालक चाक कडेच्या खरबरीत भागावर ठेवत असणार, पण बांध इतका जवळ की चुकीला जागाच नाही. या खडकावरून गाडी जाते हे पायी चढूनही पटत नव्हतं. जानेवारीत, पावसात, अंधारात तर कल्पनाच नको.

डेव्हनच्या गल्लीरस्त्यांबद्दल थोडं. उंच बांधांमधल्या या वाटांवर दोन गाड्या मावत नाहीत. समोरून गाडी आली तर जवळची रुंद जागा ज्याच्या मागे असेल त्याने रिव्हर्स घ्यायचा, आणि चढणाऱ्याला जमेल तिथे आधी जाऊ द्यायचं. भारतातून येणाऱ्याला डावी बाजू सवयीची असते, रिव्हर्सची सवय मात्र करून या. शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका. ट्रॅक्टर केव्हाही येतो. फाटक जसं सापडलं तसं ठेवा. दऱ्यांमध्ये फोनला रेंज मिळत नाही, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचे कागदी नकाशे घ्या. 1:25,000 चे एक्सप्लोरर उत्तम: एक्समूरसाठी ओएल9, डार्टमूरसाठी ओएल28. 1:50,000 च्या नकाशावर रस्त्यावर दोन बाण दिसले की उतार पाचास एकपेक्षा जास्त आहे असं समजा.

स्वतःची गाडी कच्च्या वाटेवर न्यायची इच्छा असेल त्यांनी कायदा नीट बघावा. नकाशावर वाट दिसते म्हणजे मोटारीला हक्क आहे असं नाही. 2006 च्या कायद्याने अनेक जुन्या गाडीवाटांवरचा मोटारींचा हक्क संपला. ‘सर्व वाहनांना खुली’ अशी नोंद असलेली वाटच तेवढी निर्धास्त, आणि तिच्यावरही स्थानिक कौन्सिलचा मनाई हुकूम असू शकतो. शंका असेल तर कौन्सिलकडचा अधिकृत नकाशा बघा. काही सेक्शन तर खाजगी जमिनीवर आहेत आणि मालक फक्त ट्रायलच्या दिवशी परवानगी देतो. तिथे एरवी घुसलात तर पुढच्या वर्षी तो चढ सगळ्यांनाच बंद होईल. हे चढ शंभर वर्षं टिकले ते गावकऱ्यांच्या मर्जीवर टिकले आहेत, ते कुणा हौशी माणसाच्या एका दुपारच्या मजेपायी जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा मुक्काम कॉर्नवॉल. सेंट ॲग्नेसजवळ ट्रेव्हेलास पोर्थ या छोट्या खाडीत ब्लू हिल्स ही जुनी कथिलाची खाण आहे. इंजिनघराची चिमणी अजून उभी आहे. दरीचे उतार गवताचे आणि खाणीच्या मुरमाचे, समोर समुद्र. लँड्स एंड ट्रायल संपत आली की गाड्या इथे पोहोचतात, रात्रभर चालवून थकलेल्या, आणि दरीच्या दोन्ही अंगांवर लोक बसलेले असतात. सगळ्या सेक्शनमध्ये बघ्यांसाठी याहून चांगली जागा नाही. समोरच्या उतारावर बसलं की गाडी खालच्या वळणापासून वरच्या खडकापर्यंत सलग दिसते. इथे आम्ही दुपारभर रेंगाळलो. नैर्ऋत्य किनाऱ्याची पायवाट याच दरीतून जाते, त्यामुळे गाडी सेंट ॲग्नेसला ठेवून चालत येणं सगळ्यात सोयीचं. खाली गाड्या लावायला जागा फार थोडी आहे आणि उतरणारा रस्ता स्वतःच एक चढ आहे. ओहोटीची वेळ बघून आलात तर खाडीतही उतरता येतं.

प्रत्यक्ष ट्रायल बघायची असेल तर ईस्टरच्या शनिवारी इथेच या. वेळापत्रक आणि त्या वर्षीचे सेक्शन क्लब आधी जाहीर करतो, आणि दरवर्षी काही चढ बदलतात, म्हणून आमच्या यादीवर विसंबू नका. गरम कपडे, जाड तळव्यांचे बूट, थर्मासमध्ये चहा. मार्शल, म्हणजे स्पर्धेवर देखरेख करणारे लोक, जिथे उभं राहू नका म्हणतील तिथे राहू नका. घसरलेली गाडी कोणत्याही बाजूला येऊ शकते. आणि पहिल्या गाडीच्या तासभर आधी पोहोचा, म्हणजे चढ रिकामा असताना एकदा पायी चालून बघता येईल, दोऱ्या लागल्या की ते जमत नाही.