पोस्टाने बंदूक

"अरे, पोस्टाने? बंदूक?" आईने फोनवर दोनदा विचारलं. तिचंही बरोबर आहे. राजापूरकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, डुकरांसाठी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती आधी पोलीस ठाण्यात जमा व्हायची.

माझी रेमिंग्टन 870, बारा बोअरची. इथे अमेरिकेत, ओहायोत तिने मातीच्या तबकड्या सोडून काही फोडलं नाही. खांदा कुरकुरायला लागला म्हणून विकायला काढली. जुन्या ऑफिसातल्या मित्राने घेतली. तो आता मोंटानात असतो. पैशांबरोबर त्याने घरचा पत्ताही धाडला. तो पत्ता काही कामाचा नव्हता.

तो ओहायोतच असता तर घरी बोलावून, चहा पाजून बंदूक हातात दिली असती. पण 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमुळे दुसऱ्या राज्यात राहणाऱ्याला माझ्यासारख्याने ती परस्पर विकता येत नाही. मध्ये फेडरल परवान्याचा डीलर लागतो, ज्याला सगळे 'एफएफएल' म्हणतात. मित्राने त्याच्या गावातला शोधला. मी आधी फोन करून विचारलं, कारण काही डीलर खासगी माणसाकडून आलेलं पार्सल घेतच नाहीत. हा घेत होता. परवान्याची प्रत मागवून तिचा नंबर एटीएफच्या, म्हणजे हे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर तपासला.

मोठ्या कुरिअरवाल्यांना पाठवणाराही परवानाधारक लागतो, म्हणून पोस्ट. लांब नळीची बंदूक सामान्य माणसाला पोस्टाने एफएफएलकडे पाठवता येते. काडतुसं मात्र पोस्ट घेत नाही, ती मी शेजाऱ्याला देऊन टाकली.

नळी काढली. गंमत म्हणजे कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे रिसीव्हर, यंत्रणा बसवलेला मधला सांगाडा, नळी हा नुसता सुटा भाग. मूळ खोक्यावर कंपनीचं नाव ठसठशीत आणि पार्सलवर तर आत काय आहे ते दिसता कामा नये, म्हणून पडद्यांच्या रॉडचं खोकं वापरलं. आत माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स आणि मित्राच्या नावाची चिठ्ठी.

पोस्टाच्या दारावरच शस्त्रबंदीची पाटी. काखेतलं खोकं एकदम जड झालं. आत काय, म्हणून खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, मी खरं सांगितलं, त्या म्हणाल्या, चालत नाही. पोस्टाच्याच नियमपुस्तिकेची, 'पब्लिकेशन 52' ची, पानं छापून नेली होती. त्यांनी आतून साहेबांना बोलावलं, ते चष्मा लावून सावकाश वाचत बसले, मागे रांग वाढत गेली. शेवटी शिक्का पडला. पोचल्यावर सहीची सोय जास्तीचे पैसे भरून घेतली.

पुढचं सगळं मोंटानात. डीलरने वहीत नोंद केली, मित्राने 4473 नंबरचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, डीलरने तीस डॉलर घेतले.

आईचा रविवारी पुन्हा फोन. आधी खांद्याची चौकशी, मग, "पोच आली का रे?"

"आली."

"आणि त्या माणसाला निवडणुकीत जमा नाही करावी लागत?"